वॉच-ॲप नव्या आवृत्तीनंतर उघडताच बंद पडते? आधी काढून टाकू नका
(ॲपल वॉचवर ॲप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल २०२६ पासून ॲप स्टोअरवर वॉच-ॲपची नवी आवृत्ती चढवायची, तर ती वॉचओएस २६ (ॲपल वॉचची कार्यप्रणाली) च्या एसडीकेने, म्हणजे ॲप बनवण्याच्या ॲपलच्या साधनसंचाने, तयार केलेली आणि ६४-बिटवर, म्हणजे ६४ बिटांच्या मापाने आकडे हाताळत, चालणारी असावी लागते. म्हणून आपले ॲप आम्ही या ६४-बिट रचनेवर नेत आहोत. या बदलात सर्वाधिक त्रास होतो तो ॲप सुरू होतानाच: लोगो दिसतो आणि लगेच घड्याळाची तबकडी परत येते.

याचे मूळ आकड्यांच्या मापात आहे. वॉचओएस २६ वर सिरीज ९, अल्ट्रा २ आणि त्यापुढची घड्याळे ॲप पूर्ण ६४-बिटने चालवतात. सिरीज ६ ते ८ मात्र जुन्याच प्रकाराने चालवतात, आणि तिथे स्विफ्टमधला (ॲप लिहिण्याची ॲपलची भाषा) साधा पूर्णांक ३२ बिटांचाच असतो. त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १९७० पासूनची वेळ मिलिसेकंदांत मोजली तर ती १३ अंकी होते. ती अशा पूर्णांकात भरायला गेले की स्विफ्ट ॲप तिथल्या तिथे थांबवते. ॲप उघडताना 'शेवटचे सिंक कधी झाले' हे तपासणारी कोडची एक ओळही त्याला पुरते. मॅकवरचा सिम्युलेटर (ॲप तपासण्यासाठीचे आभासी घड्याळ) ६४-बिटचा असल्याने तिथे हा दोष कधीच दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक आवृत्ती जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रकारच्या खऱ्या घड्याळांवर तपासल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. यात वेळ जातो, पण तो वाचवण्याची जागा ही नव्हे.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. जुन्या ॲपने माहिती कच्च्या बाइट्सच्या रूपात साठवली असेल, तर तिथे प्रत्येक पूर्णांक ४ बाइट्सचा असतो. ६४-बिटवर चालणारे नवे ॲप तीच फाईल ८-८ बाइट्सनी वाचते आणि भलतेच आकडे हाती येतात. नव्याने इन्स्टॉल केलेले ॲप व्यवस्थित चालते. बंद पडते ते वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांचे, म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या ग्राहकांचे. उपाय म्हणून आम्ही साठवणीतल्या प्रत्येक आकड्याचे माप कोडमध्ये ठरवून देतो आणि जुनी फाईल एकदाच नव्या रूपात बदलून घेतो.

बाहेरून घेतलेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) ६४-बिटमध्ये नसेल, तर बहुधा बिल्ड करतानाच, म्हणजे कोडपासून ॲप तयार होतानाच, अडते. तिची नवी आवृत्ती मागवणे किंवा ती बदलणे एवढाच मार्ग असतो.

आता आपल्याकडून हवी असलेली मदत. तक्रार आली की 'ॲप काढून परत टाका' असे आपल्या ग्राहकांना कृपया सांगू नका. ॲप काढले की घड्याळातली न पाठवलेली माहिती जाते, आणि ज्या फाईलमुळे ते बंद पडले तीही जाते. त्याऐवजी घड्याळ जोडलेल्या आयफोनजवळ ठेवायला सांगा. बंद पडल्याची नोंद फोनवर येते. ती सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स', 'ॲनालिटिक्स डेटा' इथे ॲपच्या नावाने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये असते. ती फाईल आम्हाला पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: घड्याळ कोणत्या सिरीजचे आहे, वॉचओएसची आवृत्ती कोणती, आणि ॲप नवीन टाकले होते की जुन्यावरच अपडेट झाले. सिरीज कळली की वरच्या दोन दोषांपैकी कोणता आधी शोधायचा हे ठरवता येते.