मॉड आणि चीट: दोन्हींनी गेम बदलतो, मग फरक कुठे?

पीसीवर गेममध्ये काहीही बदल केला की अनेक जण त्याला सरसकट 'हॅक' म्हणतात. त्यात मॉड करणाऱ्यांवर, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर घालणाऱ्यांवर, अन्याय होतो.

गोंधळाला कारण आहे. पीसीवर गेमच्या फाइली आपल्याच डिस्कवर असतात आणि चालू गेमची मेमरीही आपल्याच मशीनमध्ये. दोन्हींत हात घालता येतो. कन्सोलवर ही दारं बहुतेक बंद असतात. मॉड आणि चीट दोन्ही वाढले ते याच मोकळीकीत.

मॉड गेममध्ये भर घालतो: नवे नकाशे, नवी शस्त्रं, कधी नियमच नवे. १९९३च्या 'डूम'मध्ये नकाशे, चित्रं, आवाज हे सगळं इंजिनपासून वेगळ्या वॅड फाइलमध्ये होतं, त्यामुळे मूळ प्रोग्रॅमला धक्का न लावता खेळाडूंनी आपापल्या लेव्हल रचल्या. 'काउंटर-स्ट्राइक' १९९९मध्ये आला तोही 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणून. पुढच्याच वर्षी 'हाफ-लाइफ' बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला काढला.

चीटमध्ये नियम तेच राहतात, फक्त एकाच खेळाडूला त्यांतून सूट मिळते. वॉलहॅक घ्या. अनेक शूटर गेममध्ये भिंतीआडच्या शत्रूची जागा सर्व्हर तुमच्या पीसीला आधीच कळवतो. वॉलहॅक ती माहिती उचलून पडद्यावर दाखवतो.

'फाइल बदलली तर मॉड, मेमरीत ढवळाढवळ केली तर चीट' ही खूण मात्र फसवी आहे. 'स्कायरिम'चे कितीतरी मॉड ज्याच्या आधाराने चालतात तो स्क्रिप्ट एक्स्टेंडर चालू गेममध्येच स्वतःचा कोड घालतो, आणि त्याला कोणी चीट म्हणत नाही. उलट भिंतींच्या टेक्स्चर फाइली (भिंतींवर दिसणारी चित्रं) पारदर्शक करून कोणी ऑनलाइन सामन्यात उतरला, तर ती उघड फसवणूक आहे.

माझ्या मते विचारायचं ते हे: समोर खेळणाऱ्याला हा बदल माहीत आहे का, आणि मान्य आहे का? समोर कोणी नसेल तर प्रश्नच मिटला. एकट्याने खेळताना 'डूम'मध्ये आयडीडीक्यूडी टाइप करून खुशाल अमर व्हा. तो कोड बनवणाऱ्यांनीच ठेवलेला आहे.

चीट पकडणाऱ्या अँटी-चीट सॉफ्टवेअरला मात्र हेतू कळत नाही, त्याला फक्त बदल दिसतो. म्हणूनच 'एल्डन रिंग'मध्ये मॉड वापरणारे सहसा त्यातलं ईझी अँटी-चीट हे सॉफ्टवेअर बंद ठेवून ऑफलाइन खेळतात. तुम्हीही मॉड टाकलेला गेम घेऊन अधिकृत सर्व्हरवर जाऊ नका, आणि जायचंच असेल तर त्या गेमचे मॉडबद्दलचे नियम आधी वाचा.