आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची उभारी : बेळगाव सीमाभाग

लहान किंवा मोठ्या आतड्याचा दुखणाईत भाग काढून उरलेली टोके जोडली, की रुग्ण पुन्हा खाऊ-पिऊ, हिंडू-फिरू लागेपर्यंतच्या काळजीला उभारी म्हणता येईल. अशी शस्त्रक्रिया कर्करोग, आतड्याचा क्षयरोग, आतड्याला पडलेला पीळ किंवा हर्नियात अडकलेले आतडे अशा कारणांनी करावी लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या मराठी घरांत या काळजीची जुनी रीत अजून पक्की आहे : वारा सरेपर्यंत पोटात काही घालायचे नाही, सलाईनवर ठेवायचे आणि टाके उसवतील म्हणून माणसाला हलू द्यायचे नाही. यामागची माया खरी आहे, पण रुग्णाची उभारी याच रीतीने लांबते.

या रीतीला पहिला मोठा धक्का दिला डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी, 1990 च्या दशकात. शस्त्रक्रियेचा शरीरावर पडणारा ताण कमी केला, वेदना नीट आवरल्या, लवकर खायला दिले आणि लवकर चालवले, तर मोठ्या आतड्याचा रुग्ण लवकर घरी जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. पुढे 2001 मध्ये युरोपातल्या शल्यविशारदांचा अभ्यासगट जमला आणि 2010 मध्ये त्याची रीतसर संस्था झाली. ‘एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी’, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर लवकर उभारी, या नावावरून डॉक्टरमंडळी या पद्धतीला ‘इरास’ म्हणतात. 2010 मध्येच या पद्धतीच्या सहा चाचण्यांमधल्या 452 रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यातला मुक्काम सरासरी अडीच दिवसांनी कमी झालेला आणि गुंतागुंत जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसली.

पोटावर शस्त्रक्रिया झाली की आतडी काही काळ सुस्तावतात. लहान आतडे बहुधा दिवसभरातच हलू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी जागे होते. म्हणून वारा सरला ही चांगली खूण खरी, पण तिची वाट पाहत उपाशी राहण्याचे कारण नाही. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके आतड्यांची सुस्ती वाढवतात, म्हणून पाठीतून किंवा पोटाच्या भिंतीत भूल देऊन ती कमीत कमी वापरतात. सलाईनचेही तसेच. आपल्याकडे ‘दोन बाटल्या चढवा, अंगात ताकद येईल’ असा आग्रह नातेवाईकच धरतात. गरजेपेक्षा जास्त पाणी अंगात गेले की आतड्याची भिंत सुजते आणि पोट फुगलेलेच राहते. हा आग्रह सोडला तरी रुग्णावर मोठे उपकार होतील.

तयारी आधीपासून करावी लागते. रक्त कमी असेल तर ते आधी भरून काढायचे. बिडी-सिगारेट आणि दारू निदान चार आठवडे आधी बंद करायची. निपाणी तर तंबाखूचाच पट्टा, पण इथल्या बायकांची मिश्री बहुतेक वेळा विचारायची राहून जाते. तीही तंबाखूच आहे आणि ती विचारायला हवी. आदल्या रात्रीपासून कोरडे उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. जड नसलेले अन्न भुलीच्या सहा तास आधीपर्यंत चालते आणि पाणी दोन तास आधीपर्यंत. पुष्कळ ठिकाणी साखरेच्या जातीचे एक खास पेयही देतात. मात्र मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचे. इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘पातळ चालेल’ हे ऐकून घरचे सकाळी दुधाचा चहा, ताक किंवा पेज पाजतात. या तिन्ही गोष्टी अन्नात धराव्या लागतात. कोरा चहा चालतो, दुधाचा नाही.

शस्त्रक्रियेनंतर नाकातली नळी सरसकट ठेवत नाहीत आणि लघवीची नळीही लवकर काढतात. शुद्ध आल्यावर काही तासांत घोट-घोट पाणी सुरू होते. मग पेज, मऊ भात, मुगाचे कढण. उलटी झाली किंवा पोट फुगले तर थांबायचे. त्याच दिवशी दोन तास आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सहा तास बिछान्याबाहेर, हे इरासमधले उद्दिष्ट आहे. सहा तास म्हणजे सगळा वेळ चालणे नव्हे. खुर्चीत बसून पेज पिणेही त्यातच मोजतात. कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे, पोटावर घडी केलेली चादर धरायची आणि मग उठायचे. खोकताना तीच चादर पोटाशी दाबली की टाक्यांची भीती निम्मी होते. तातडीच्या शस्त्रक्रियेत, आतडे फुटून पोटात पू झालेला असेल तेव्हा, यातले बरेच वेळापत्रक बदलते आणि शल्यविशारद सांगेल तेच धरावे लागते.

बेळगावात केएलई संस्थेचे प्रभाकर कोरे रुग्णालय आणि बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पण निपाणीकर कोल्हापूर गाठतात आणि कागवाड-अथणीकर मिरज. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. या भागाची तिथे जाण्याची वाट जुनी आहे. बेळगावच्या वॉर्डात नर्स कन्नडमध्ये सांगते आणि खाटेपाशी बसलेली आजी मराठीत ऐकते. ‘पाणी कधी, पेज कधी, उठवायचे कधी’ हे दोन्ही भाषांत लिहिलेला एक कागद खाटेला टांगला, तर औषधाइतकाच उपयोगी पडेल.

दवाखान्यातून लवकर सोडले तरी दूरच्या गावी जाण्याची घाई करू नये, कारण आतड्याची जोडणी गळायची भीती पहिल्या आठवड्याभरात सर्वांत जास्त असते. ताप, वाढती नाडी, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, फुगलेले पोट, वारंवार उलट्या, जखमेतून पू यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जांबोटी, कणकुंबी या खानापूरच्या घाटाकडल्या गावांतल्या माणसांनी पावसाळ्यात नदी-नाले भरून वाटा अडतात हे धरून, टाके निघेपर्यंत बेळगावात किंवा खानापुरात पाहुण्यांकडे राहावे.