धसकटांनी धरलेली ओल

कॅनडाहून आपल्याकडे येणारी मसूर बहुतांशी सस्कॅचवान प्रांतातली असते. त्या प्रांताच्या दक्षिणेला, स्विफ्ट करंट गावाच्या आसपास, बर्फ धरूनही वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर पाणी पडतं. शेती जवळजवळ सगळी कोरडवाहू. म्हणून इथे शेती टिकवायची तर पहिला प्रश्न एकच: पडलेल्या पाण्यातलं मातीत मुरतं किती आणि टिकतं किती?

जुना उपाय रान पड टाकण्याचा होता. सोलापूरकडे खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीच्या ज्वारीसाठी ओल धरतात, तसाच. पण प्रेअरीत, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या या सपाट गवताळ पट्ट्यात, अख्खा हंगाम पीक घेत नसत, आणि तण मारायला उघडं रान पुन्हा पुन्हा कुळवत. १९७०च्या सुमारास असं पड रान सुमारे १ कोटी हेक्टर होतं. हिशेब मात्र तोट्याचा होता. एका कापणीपासून पुढच्या पेरणीपर्यंतच्या २१ महिन्यांत जे पाणी पडे, त्याचा साधारण पाचवा हिस्साच मातीत उरे. बाकीचं बहुतेक ऊनवारा नेई. १९३०च्या दशकातल्या दुष्काळात हीच उघडी माती वादळ होऊन उडाली आणि १९३५ साली या पट्ट्याच्या पुनर्वसनासाठी कॅनडाला वेगळा कायदा करावा लागला.

पड रानाने आणखी एक नुकसान केलं. पीकच नसल्यामुळे मुळांच्या आवाक्याखाली उतरलेलं पाणी क्षार विरघळवत उताराने सरकतं आणि सखल जागी वर येतं. तिथे पांढरी खपली धरते. पाटपाणी नसताना रान क्षारपड होतं ते असं. त्यावर इलाज खपलीच्या जागी करून भागत नाही. पाणी मुरतं त्या वरच्या अंगाला लसूणघास लावावा लागतो. त्याची मुळं कित्येक मीटर खोल जातात आणि पाणी खाली सरकण्याआधीच उचलतात.

माती न उलटता तण कापण्याची सुरुवात शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या चार्ल्स नोबल यांच्या अवजाराने झाली. रुंद पातं जमिनीखालून चालतं, अगदी कुळवाच्या पासेसारखं, आणि धसकटं, म्हणजे कापलेल्या पिकाचे बुडखे, वर उभीच राहतात. पुढे सस्कॅचवानमधल्या इंडियन हेड गावचे शेतकरी जिम हॅलफर्ड यांच्यासारख्यांनी विनानांगरणीची पेरणी यंत्रं घडवली. एकाच फेरीत बी आणि खत दोन्ही पडतं. खत बियाला लागून पडता कामा नये, युरियातून सुटणारा अमोनिया कोंब जाळतो. म्हणून ते बियाच्या बाजूला, थोडं खाली, दोन-तीन सेंटिमीटर अंतर राखून सोडतात.

धसकट ३० सेंटिमीटर उंच ठेवलं की वाऱ्याने पळणारा बर्फ त्यात अडकतो. १० सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे साधारण १० मिलिमीटर पाणी. ३५०च्या हिशेबात हे थोडं नव्हे.

या पद्धतीत बिघाड बहुधा कापणीच्या दिवशीच होतो. हार्वेस्टर १२ मीटर रुंदीचं पीक कापतो, पण काड आणि भुसा मागे एका अरुंद पट्ट्यात टाकतो. पुढच्या वसंतात त्या पट्ट्यातली माती थंड आणि दमट राहते, पेरणी यंत्राच्या फणांत काड अडकतं. तबकडीचं यंत्र असेल तर काड चिरलं न जाता दुमडून तासात, म्हणजे बी पडायच्या चरीत, दाबलं जातं आणि बी मातीला टेकतच नाही. यंत्रामागे चार ठिकाणी तास उकरून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

मग मसूर. सस्कॅचवान विद्यापीठात १९७२पासून काम करणाऱ्या अल् स्लिंकार्ड यांनी १९७८ साली 'लेअर्ड' हा वाण दिला आणि पड रानाच्या जागी कडधान्य आलं. माती ५ अंश सेल्सिअसला पोचली की पेरतात, अडीच ते साडेसात सेंटिमीटर खोल, दर चौरस मीटरला १३० रोपं धरून. शेंगा जमिनीलगत लागतात, म्हणून पेरणीनंतर रूळ फिरवून दगड दाबतात. बियाला रायझोबियम हे हवेतलं नत्र धरणारं जिवाणूखत लावतात, ते उन्हात ठेवलं की मरतं. फुलोऱ्यात रोप उपटून मुळावरची गाठ कापावी: आतून गुलाबी असेल तर नत्र जमतंय, हिरवी-पांढरी असेल तर नाही.

मूळच मधाच्या रंगाचं झालं असेल आणि ओढल्यावर साल निघून आतला दोरा हातात येत असेल, तर ती अफॅनोमायसिस या मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूची मूळकूज समजावी, मात्र खात्री प्रयोगशाळेतच होते. सस्कॅचवानमध्ये ती २०१२ साली सापडली. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि शेत बाधलं की फवारणीने हटत नाहीत. अशा शेतात मसूर-वाटाण्याला सहा ते आठ वर्षं सुट्टी द्यावी लागते. पूर्वी तीन-चार वर्षांनी मसूर घेणाऱ्याला हे फार जड जातं, कारण भाव देणारं पीक तेच. मधल्या वर्षांत गहू, मोहरीवर्गातलं कॅनोला, जवस घेतात. कडधान्यच हवं असेल तर कोरड्या दक्षिणेत हरभरा. त्याला ही मूळकूज कमी लागते, मात्र ओलसर हंगामात त्याच्यावर करपा येतो आणि बुरशीनाशकाच्या एकाहून अधिक फवारण्यांचा खर्च आधीच धरावा लागतो.