तालीम, मकतब आणि बोर्डिंग

कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटलं की लाल माती, लंगोट आणि पहाटेचा जोर-बैठकांचा घुमारा आठवतो. शब्द मात्र अरबी आणि तिथे त्याचा अर्थ शिक्षण. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून आलिम (विद्वान), मुअल्लिम (शिक्षक) आणि तालीम. शाळेतलं दप्तर, कागद, शाई, कलम हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. पण ज्यांच्या धर्मभाषेतून हे शब्द आले, त्यांचीच पोरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या शाळेत क्वचित दिसत.

कारण धर्मात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. कुराणाची पहिली आज्ञाच ‘इक्रा’, म्हणजे वाच. खरं कारण आडनावांत आहे: बागवान, अत्तार, शिकलगार, पिंजारी, तांबोळी, मुल्लाणी. बापाचा धंदा हीच पोराची शाळा. सुरीला धार लावणाऱ्याच्या घरात इंग्रजी तिसरीचं काय काम, हा हिशेब इथल्या इतर बलुतेदारांचाही होता.

धर्मशिक्षण मशिदीच्या मकतबात होई, आजही होतं. सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी शाळा सुटल्यावर पोरं डोक्यावर टोपी, मुली ओढणी घेऊन मौलानांकडे जातात. आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळख. मग अम्मापारा, म्हणजे कुराणाचा शेवटचा भाग, आणि पुढे एकेक करत सगळे तीस पारे, म्हणजे भाग. लाकडी रेहालीवर ग्रंथ ठेवून डुलत डुलत पाठांतर. घरात दख्खनी, गल्लीत मराठी, नमाजात अरबी. उच्चार घोटून घेतले जातात, अर्थ बहुतेकांना मोठेपणी कळतो, कित्येकांना कळतच नाही. पण हे शाळेच्या वेळेबाहेरचं, त्यामुळे मदरसा, म्हणजे पूर्णवेळ धर्मशिक्षणाची शाळा, हेच मुसलमानांचं शिक्षण, हा समज चुकीचा. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम चार टक्के मुलं मदरशात जात असल्याची नोंद आहे. मकतब शाळेच्या जागी नसतं, शाळेच्या जोडीला असतं.

त्या अहवालाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १९०६ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरातल्या प्रमुख मुसलमानांना बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, सुरू झालं होतं, जैनांचंही झालं होतं. त्या त्या समाजातला कुणीतरी पुढे होई आणि दरबार जागा व पैसा देई, अशी रीत. इथे पुढे होणारा मिळेना, तेव्हा महाराज स्वतः उभे राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ढाक्यात मुस्लिम लीग जन्माला आली. तिकडे नवाब-जमीनदार राजकारणाची मांडणी करत होते, इकडे खेड्यातल्या पोराला राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण कसं मिळेल, याची चिंता. माझ्या मते दुसरं काम अवघड होतं. १९०२ चा नोकऱ्यांत मागासांसाठी पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय यांच्यामधली ही कडी. खोली नसती तर राखीव जागा कागदावरच राहिल्या असत्या.

कुराण मराठीत यावं म्हणूनही महाराजांनी पैसा खर्च केला. मकतबातल्या त्या डुलणाऱ्या पोराला आपण काय म्हणतोय ते कळावं, ही ओढ त्यामागे दिसते.

त्याच सोसायटीचं दसरा चौकातलं ‘मुस्लिम बोर्डिंग’ आज निव्वळ वसतिगृह नाही. ईदची नमाज त्याच्या मैदानावर होते, बैठकाही तिथेच. रमजानमध्ये जकातीचा हिशेबही असाच सार्वजनिक कामाला येतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेचा चाळीसावा हिस्सा गरजूंसाठी काढायचा. त्यातून कुणाची फी, कुणाचं औषध भागतं. २०२० मध्ये इचलकरंजीच्या मुसलमानांनी या पैशातून ३६ लाख रुपये काढून सरकारी दवाखान्याला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला.

बाकीचं शिक्षण तालमीतलं. मोहरमात इथल्या कित्येक तालमींत पंजे, म्हणजे हाताच्या पंजाच्या आकाराची धातूची निशाणं, बसतात. नवस बोलणारे, पंजा उचलणारे, चोंगे (गोड रोट) घेऊन येणारे बहुतांशी हिंदू. मोहरमातल्या शोकाची मूळ परंपरा शिया, इथले मुसलमान बहुतेक सुन्नी, त्यामुळे काही मौलवींना हा प्रकार मान्य नाही आणि ते तसं स्पष्ट सांगतात. तरी पंजे बसायचे थांबलेले नाहीत. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून मोहरम मागे सरकत सरकत साधारण ३३ वर्षांनी गणेशोत्सवाला गाठतो. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं दोन्ही एकत्र आले. तालमीत एका बाजूला बाप्पा, शेजारी रेशमी कापडात गुंडाळलेला पंजा, आणि मांडवाची वर्गणी एकच. पुढचा योग २०५० च्या आसपास.