हवालतीतून पलायन व अटकेस प्रतिकार
हवालतीतून पलायन व अटकेस प्रतिकार : अपराधाबद्दल होणाऱ्या कायदेशीर अटकेला जाणूनबुजून विरोध करणे किंवा कायदेशीर हवालतीतून निसटणे, हा भारतीय फौजदारी कायद्यातील सार्वजनिक न्यायाविरुद्धचा अपराध. भारतीय दंड संहितेत (१८६०) तो कलम २२४ खाली येई; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २६२ खाली येतो. शिक्षा बदललेली नाही : दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, तीही मूळ अपराधाच्या शिक्षेखेरीज. अपराध दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे. ‘हवालत’ हा कायद्याच्या मराठीतला शब्द. कोर्टाच्या आवारात ‘कस्टडी’ किंवा ‘कोठडी’ हेच कानी पडते आणि वर्तमानपत्रांत आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार होतो.

या कलमांच्या मागे इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडलेला इंग्लंडचा कायदा, आहे. त्यात निसटणे, तुरुंग फोडणे आणि दुसऱ्याने सोडवून नेणे असे तीन निरनिराळे अपराध होते. तुरुंग फोडणाऱ्याला, तो मुळात कशासाठीही आत असो, देहान्ताचे भय असे. ‘दे फ्रांगेंतिबस प्रिझोनम’ या लॅटिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ही कठोरता कमी केली : मूळ अपराधालाच प्राण किंवा अवयव गमावण्याची शिक्षा नसेल, तर केवळ तुरुंग फोडल्याबद्दल ती देऊ नये. या कायद्याच्या काळाविषयी एकमत नाही. इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोन व कायद्यांच्या जुन्या आवृत्त्या तो दुसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षातला धरतात, तर एकोणिसाव्या शतकातील अधिकृत संकलन पहिल्या एडवर्डच्या तेविसाव्या वर्षात, म्हणजे १२९५ मध्ये घालते. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. मूळ अपराध पाहून शिक्षा ठरवण्याचे हे तत्त्व १८६० च्या संहितेतही उतरले. पण पळणाऱ्याच्या बाबतीत नव्हे. पळणारा चोर असो वा खुनी, त्याला कमाल दोन वर्षेच. त्याला सोडवून नेणाऱ्याची शिक्षा मात्र (जुने कलम २२५, नवे २६३) कैद्याच्या अपराधाप्रमाणे चढत जाते आणि कैदी फाशीची शिक्षा झालेला असेल तर जन्मठेपेपर्यंत पोचते. जर्मन कायदा आणखी पुढे जातो : तेथे स्वतः पळणे हा अपराधच नाही, पळण्यास मदत करणे हा आहे.

सगळा वाद ‘कायदेशीर’ या शब्दाभोवती फिरतो. अटक पूर्ण केव्हा होते? अधिकाऱ्याने शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला किंवा ते अडवले की. माणूस शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाला तर स्पर्शाचीही गरज नाही. म्हणून ‘चला, साहेब’ म्हणत जीपकडे निघालेला आणि वाटेत गल्लीत धूम ठोकणारा आरोपी हवालतीतूनच पळालेला असतो. प्रत्येक अटकेत हवालत असते, पण प्रत्येक हवालतीत अटक असतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दीपक महाजन प्रकरणात (१९९४) स्पष्ट केले. अटकच बेकायदा असेल तर प्रतिकार या कलमाखाली अपराध ठरत नाही. पण प्रतिकार करणाऱ्याने खूश होण्याचे कारण नाही. लोकसेवक सद्‌भावनेने, पदाच्या अधिकाराच्या आवरणाखाली वागत असेल, तर त्याची कृती कायद्याला काटेकोरपणे धरून नसली तरी, मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसताना, तिच्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी बळ वापरण्याचा, हक्क मिळत नाही (जुने कलम ९९, नवे ३७). समोरचा लोकसेवक आहे हे माहीत नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर ही आडकाठी लागू होत नाही. कागदपत्रातील किरकोळ चूक आणि अधिकाराचा पूर्ण अभाव यांत फरक करून, दुसऱ्या प्रकारात हे संरक्षण अधिकाऱ्याला नाकारणे हा अर्थ कलमाच्या शब्दांशी अधिक जुळतो.

हवालतीतून पलायनाचे गाजलेले उदाहरण विनायक दामोदर सावरकरांचे. ब्रिटिशांच्या हवालतीत असताना त्यांनी ८ जुलै १९१० रोजी फ्रान्समधील मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून उडी टाकून किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हाती दिले. ते किती अंतर पोहले याविषयीची वर्णने फुगलेली आहेत. बोट बंदरातच होती, हे ध्यानात ठेवावे. हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ही अटक व सुपूर्दगी अनियमित असल्याचे मान्य केले, पण त्यामुळे त्यांना फ्रान्सकडे परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असा निर्णय दिला.

कलम २२४ ‘अपराधाबद्दल’च्या हवालतीपुरते असल्याने इतर अटकांसाठी १८७० मध्ये २२५-अ हे कलम घालण्यात आले, १८८६ मध्ये त्याच्या जागी २२५-अ व २२५-ब आली. निष्काळजीपणाने कैदी निसटू देणाऱ्या लोकसेवकासही दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांखाली फर्लो (शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मिळणारी रजा) वा पॅरोलवर सुटून मुदतीत न परतणाऱ्या कैद्यावरही पलायनाच्याच कलमाखाली (जुने २२४, नवे २६२) गुन्हा नोंदवण्याची प्रथा आहे. पूर्वी हवालतीतून पळालेल्या व्यक्तीला अटक करताना बेड्या घालण्याची मुभा आता फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे.