शबॉयगनमधून ओढलेली रेघ

मिलवॉकीहून मिशिगन सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेला ऐंशीएक किलोमीटर गेलं की शबॉयगन लागतं. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, कारखान्यांत राबणाऱ्यांचं गाव, ब्राटवुर्स्ट या जर्मन सॉसेजसाठी प्रसिद्ध. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेत या शहराचा मिळून एक मतदारसंघ होता, २६वा. २०११ साली शहराच्या मधून रेघ ओढली गेली. एक तुकडा २६व्यात राहिला, दुसरा २७व्यात गेला आणि दोन्ही तुकड्यांना आजूबाजूची खेडी जोडली गेली. शहर डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारं, खेडी रिपब्लिकन. तो नकाशा असेपर्यंत दोन्ही जागा रिपब्लिकन पक्षाकडेच राहिल्या.

या शहरात आणखी एक गोष्ट होती. विस्कॉन्सिनमध्ये गर्भपाताची सोय असलेले दवाखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतला एक इथे होता. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि या दवाखान्यासह राज्यभरातलं ते काम बंद पडलं. ते बंद पाडणारा कायदा होता १८४९चा. पुढे त्या कायद्यावरचा खटला ज्या नावाने चालला, ‘कॉल विरुद्ध उर्मान्स्की’, त्यातले जोश कॉल हे राज्याचे महाधिवक्ता, आणि जोएल उर्मान्स्की हे शबॉयगन जिल्ह्याचे सरकारी वकील. जुना कायदा अजून जिवंत आहे आणि तो लागू करता येतो, अशी उर्मान्स्की यांची भूमिका होती.

मतदारसंघाची रेघ आणि बाईच्या शरीरावरचा कायदा एकाच गावात येऊन भेटले. ते कसे, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला मे १८४८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी हा कायदा झाला. नंतर त्यात फेरफार झाले, पण गाभा टिकला: गर्भपात करणारा गुन्हेगार, सूट फक्त आईचा जीव वाचवण्यापुरती. बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही अपवाद नाही. २०२२ साली याची शिक्षा सहा वर्षांपर्यंत कैद अशी होती. हा कायदा करणाऱ्या सभागृहात एकही बाई नव्हती, आणि त्या सभागृहाला निवडून देणाऱ्यांतही नव्हती. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता यावी म्हणून राज्यात कायदा व्हायला १८५० उजाडलं.

तरीही हे राज्य मुळात मागासलेलं होतं असा समज करून घेणं चूक ठरेल. १९१२ साली इथल्या पुरुष मतदारांनी महिलांना मताधिकार नाकारला खरा. बायका मतदार झाल्या तर दारूबंदी येईल, ही बिअर कारखानदारांची धास्ती त्यामागे मोठी होती. पण सातच वर्षांनी, १० जून १९१९ रोजी, महिला मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला मान्यता देणाऱ्या पहिल्या राज्यांत विस्कॉन्सिन होतं. इलिनॉयने त्याच दिवशी थोडं आधी ठराव केला होता. तेव्हा मताधिकार चळवळीतल्या एडा जेम्स यांचे वडील डेव्हिड जेम्स, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मंजुरीचा कागद घेऊन आगगाडीने वॉशिंग्टनला निघाले आणि पहिला कागद त्यांनीच दाखल केला. १९२१ मध्ये विस्कॉन्सिनने महिलांना पुरुषांइतकेच कायदेशीर हक्क देणारा कायदा केला: करार करण्याचा, ज्युरीत बसण्याचा, मालमत्तेचा, मुलांच्या ताब्याचा. असा कायदा करणारं देशातलं ते पहिलं राज्य. पंच्याहत्तरी ओलांडलेला बाप लेकीच्या कामाचा कागद सांभाळत रात्रीच्या गाडीत बसला आहे, हे चित्र या राज्याचा इतिहास वाचताना माझ्या मनातून जात नाही.

१९७३ साली रो विरुद्ध वेड या निकालाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य झाला आणि १८४९चा कायदा झोपी गेला. तो पुस्तकातून कुणी काढला नाही. रो हा न्यायालयाचा निकाल होता, कायदेमंडळाने केलेला कायदा नव्हता, आणि हा फरक पुढे फार महागात पडला. भारतात गर्भपाताला परवानगी देणारा १९७१चा कायदा संसदेने केला. त्याआधी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. २०२१ मध्ये गर्भपाताची मुदत वाढवायची झाली तेव्हाही ती संसदेतच वाढली. विस्कॉन्सिनमध्ये १९८५ साली, गर्भ स्वतंत्रपणे जगू शकेल त्या टप्प्यानंतरच्या गर्भपाताला बंदी घालणारा वेगळा कायदा झाला, पण जुना तसाच पडून राहिला. २००९-१० या दोन वर्षांत गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाची होती, तरी त्यांनीही तो काढला नाही. हे त्यांच्या पदरात घालायलाच हवं. ज्या दिवशी काढता आला असता त्या दिवशी तो निरुपद्रवी वाटला.

मग आलं २०१०.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यानंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळच करतं. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी परिसीमन आयोग असतो, अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश असतात. तिथे मात्र जे निवडून येणार, तेच स्वतःचे मतदार निवडतात. २०१० साली रिपब्लिकन पक्षाने हे ओळखून राज्यांच्या विधानसभांवर लक्ष केंद्रित केलं. रेडमॅप नावाच्या त्या मोहिमेवर सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाले. विस्कॉन्सिनमध्ये स्कॉट वॉकर गव्हर्नर झाले आणि दोन्ही सभागृहंही त्यांच्या पक्षाकडे आली.

युक्ती जुनीच. १८१२ मध्ये मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ वेडावाकडा, सॅलॅमँडर या पालीसारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसत होता. बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने गेरी आणि सॅलॅमँडर जोडून ‘जेरीमँडर’ शब्द केला. करायचं एवढंच असतं: विरोधकांची मतं थोड्या मतदारसंघांत कोंबायची आणि उरलेली फोडून आपल्या मतदारांत विरघळवून टाकायची. प्रभागरचना जाहीर झाली की नगरसेवक आधी नकाशा का उघडतात, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. मुंबईचे प्रभाग २२७ की २३६, पुण्यात तीनचा प्रभाग की चारचा, हे सरकार बदललं की बदलतं. ते काय आहे, याची जाण आपल्या मतदाराला आहे.

राज्याची राजधानी मॅडिसनमध्ये मात्र हे काम संगणकावर, घरटी नाही तरी गल्लीगणिक नेमकेपणाने झालं. राज्य विधिमंडळाच्या इमारतीसमोरच्या एका वकिली कार्यालयात नकाशांची खोली केली होती. रिपब्लिकन आमदारांना एकेक करून बोलवायचे, गुप्ततेच्या कागदावर सही घ्यायचे आणि मग त्याला त्याचा नवा मतदारसंघ दाखवायचे. पुढे खटल्यात बाहेर आलेल्या मसुद्यांना नावं होती ‘ठाम’ आणि ‘आक्रमक’. ऑगस्ट २०११ मध्ये वॉकर यांनी सही केली.

पुढच्या वर्षीच परिणाम दिसला. नोव्हेंबर २०१२ मध्ये ओबामा यांनी हे राज्य जवळजवळ सात टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. विधानसभेत रिपब्लिकन उमेदवारांना राज्यभरात मिळून निम्म्याहून कमी मतं पडली, आणि ९९पैकी ६० जागा मिळाल्या. डेमोक्रॅटिक मतदार मॅडिसन आणि मिलवॉकीत दाटीने राहतात, म्हणून नकाशा कुणीही आखला तरी त्यांना थोडा तोटा होणारच, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण तोट्याचं प्रमाण एवढं मोठं होण्याचं कारण भूगोल नाही.

आता या काळातले महिलांविषयीचे कायदे बघा. २०११च्या अर्थसंकल्पात गर्भपाताचे दवाखाने चालवणाऱ्या प्लॅन्ड पेरेंटहूड या संस्थेचं सरकारी साहाय्य कापलं. एप्रिल २०१२ मध्ये २००९चा समान वेतनाचा कायदा रद्द झाला. बाई म्हणून कमी पगार दिला तर राज्याच्या न्यायालयात जाऊन नुकसानभरपाई मागण्याची सोय त्या कायद्याने केली होती. त्याच साली गर्भपाताच्या गोळीसाठी डॉक्टर समोर हजर असलाच पाहिजे असा नियम झाला. २०१३ मध्ये गर्भपाताआधी सोनोग्राफी सक्तीची झाली, आणि डॉक्टरला ३० मैलांच्या आतल्या रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचे अधिकार असणं बंधनकारक झालं. या कायद्यावर सही झाली शुक्रवारी, तो लागू होणार होता सोमवारी. दोन दिवसांत कुठल्या डॉक्टरला तो अधिकार मिळणार? रुग्णालयाची ही अट फेडरल, म्हणजे राज्याच्या नव्हे तर केंद्राच्या, न्यायालयाने लगेच रोखली आणि पुढे घटनाबाह्य ठरवली. २०१५ मध्ये वीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली, बलात्काराचा अपवाद न ठेवता.

इथे काळजीने बोलायला हवं. २०११-१२चं सभागृह जुन्या नकाशावर निवडून आलं होतं आणि रिपब्लिकन पक्षाने ती निवडणूक रीतसर जिंकली होती. नव्या नकाशाचं काम वेगळं होतं. पगाराचा दावा काढून घेतलेल्या बाईने पुढच्या निवडणुकीत राग मतपेटीत टाकला तरी सभागृह हलू नये, याची सोय त्याने केली.

२०१८ साली हे उघड दिसलं. गव्हर्नरपदासाठी टोनी एव्हर्स यांनी वॉकर यांना तीसएक हजार मतांनी हरवलं. राज्यभरातून थेट निवडली जाणारी सगळी पदं डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. विधानसभेत रिपब्लिकन ६३, डेमोक्रॅट ३६. आणि नवा गव्हर्नर शपथ घेण्याआधीच, डिसेंबरमध्ये, जुन्या विधिमंडळाने खास बैठक घेऊन गव्हर्नर आणि महाधिवक्ता या दोघांचे अधिकार छाटले.

न्यायालयाची दारं ठोठावून झाली होती. कायद्याचे निवृत्त प्राध्यापक विल्यम व्हिटफर्ड आणि इतर मतदारांनी खटला भरला, २०१६ मध्ये फेडरल न्यायालयाने नकाशा घटनाबाह्य ठरवला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यावर तो निकाल बाजूला ठेवला. वर्षभराने दुसऱ्या राज्यांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या सीमांचा निवाडा फेडरल न्यायालयांनी करायचा नाही. तीन वर्षांनी त्याच न्यायालयाने डॉब्समध्ये म्हटलं, की गर्भपाताचा प्रश्न लोकांकडे आणि त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे परत जायला हवा. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. विस्कॉन्सिनच्या बाईला दुसऱ्या निकालाने ज्या सभागृहाकडे पाठवलं, ते तिच्या मताने बदलू शकत नव्हतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायची वाट पहिल्या निकालाने बंद केली होती.

२२ जून २०२२. डॉब्सचा मसुदा फुटला होता, काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. एव्हर्स यांनी १८४९चा कायदा रद्द करण्यासाठी विधिमंडळाची खास बैठक बोलावली. सभागृहात हातोडा वाजला, बैठक सुरू झाल्याचं जाहीर झालं, हातोडा पुन्हा वाजला, बैठक संपली. सगळं काही सेकंदांत. चर्चा नाही, मतदान नाही, १७३ वर्षांच्या कायद्यावर एक वाक्यही नाही. दोन दिवसांनी तो जागा झाला. ऑक्टोबरमध्ये एव्हर्स यांनी पुन्हा बैठक बोलावली, या वेळी मागणी होती की लोकांना सार्वमताने कायदा करण्याचा किंवा रद्द करण्याचा हक्क द्यावा. तीही तशीच संपली.

सार्वमताचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ ला लोकांनी ५९ टक्के मतांनी गर्भपाताचा हक्क राखला, मिशिगनमध्ये त्याच वर्षी आणि ओहायोत २०२३ साली सुमारे ५७ टक्क्यांनी तो राज्यघटनेत घातला. मिशिगन आणि ओहायोत नागरिक सह्या गोळा करून प्रश्न थेट मतदानाला लावू शकतात. विस्कॉन्सिनमध्ये ती सोयच नाही. तिथल्या बायका गाडीत बसून इलिनॉय किंवा मिनेसोटाला जाऊ लागल्या. प्लॅन्ड पेरेंटहूडचे विस्कॉन्सिनमधले डॉक्टर सीमेपलीकडच्या, इलिनॉयमधल्या वॉकीगनच्या दवाखान्यात काम करू लागले: तेच डॉक्टर, त्याच रुग्ण, मध्ये राज्याची हद्द. नोव्हेंबर २०२२ मध्ये एव्हर्स पुन्हा निवडून आले, या वेळी तीन टक्क्यांहून जास्त फरकाने. विधानसभेत रिपब्लिकन ६४ झाले.

एकच दार उरलं होतं. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राज्यभरातून थेट निवडून येतात आणि राज्याच्या हद्दीला जेरीमँडर करता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये जॅनेट प्रोटासेविच यांनी गर्भपात आणि नकाशा हे दोन्ही मुद्दे उघडपणे मांडले आणि ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. न्यायाधीशाने निवडणुकीत अशी बाजू मांडावी का, हा प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला न्यायाधीशांच्या निवडणुका पटत नाहीत. पण लोकांना विचारायची बाकी सगळी दारं ज्यांनी बंद केली, त्यांनी तो प्रश्न शेवटच्या दाराशी उभं राहून विचारावा, हे त्याहून कमी पटतं.

२२ डिसेंबर २०२३ रोजी या न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी, २०११च्याच धर्तीवर २०२२ साली लागू झालेला नकाशा रद्द केला. कारण साधं होतं: मतदारसंघ सलग असावा असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे, आणि ९९पैकी किमान ५० मतदारसंघांत मूळ भागापासून तुटलेली बेटं होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या नकाशावर एव्हर्स यांची सही झाली. त्यावर झालेल्या पहिल्या निवडणुकीत ट्रम्प यांनी राज्य निसटतं जिंकलं, विधानसभेत रिपब्लिकन ५४ आणि डेमोक्रॅट ४५ आले. शबॉयगन पुन्हा एका मतदारसंघात आलं आणि तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून आला.

१८४९च्या कायद्यात गर्भपात येतच नाही असा निकाल मॅडिसन ज्यात येतं त्या डेन जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी २०२३ मध्ये दिला होता, त्यामुळे सप्टेंबरात मॅडिसन-मिलवॉकीचे आणि वर्षअखेरीस शबॉयगनचा दवाखाना पुन्हा सुरू झाला. २ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: मागच्या पन्नास वर्षांत गर्भपातावर इतके तपशीलवार कायदे झाले आहेत की जुना कायदा त्यांनी आपोआप बाद केला. पुन्हा ४ विरुद्ध ३. बहुमतातले चारही न्यायाधीश महिला, विरोधातल्या तिघांपैकीही दोन महिला.

पण या निकालाचा आधारच मुळी ते नंतरचे कायदे आहेत, म्हणून ते जागेवर राहिले. वीस आठवड्यांची बंदी राहिली, सक्तीची सोनोग्राफी राहिली, गोळी देताना डॉक्टर हजर असण्याची अट राहिली. आणि २०१२ साली काढून घेतलेला समान वेतनाचा दावा अजून परत आलेला नाही.