डोंगरातल्या शिकारीसाठी ताकदीचे व्यायाम

अमेरिकेच्या पश्चिमेला रॉकी पर्वतात, म्हणजे कोलोराडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या राज्यांत, गाडीरस्ता सोडायचा, चार-पाच दिवसांचं सामान पाठीवर घ्यायचं, आत जंगलात तंबू टाकून राहायचं आणि पायी फिरून एल्कची शिकार करायची अशी पद्धत आहे, आणि त्यासाठी लोक महिनोन्महिने जो व्यायाम करतात तो हा. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखंच पण अजून थोराड हरीण, नर सहज ३०० किलोच्या वर जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला, तिकडे मात्र टॅग म्हणजे परवाना काढून ठरलेल्या सीझनमध्येच शिकार करता येते, धनुष्यबाणाचा सीझन साधारण सप्टेंबरात असतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की एवढी तयारी चढण्यासाठी. चढ लागतोच, पण खरी परीक्षा जनावर पडल्यावर सुरू होते. कोलोराडोत खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे, चारही फरे (म्हणजे पायांचे मांसल भाग), पाठीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या आणि आतलं कमरेचं मऊ मांस हे सगळं न्यावंच लागतं. हाडं काढली तरी मोठ्या नराचं मांस १०० किलोच्या आसपास भरतं. आता हिशोब करा, गाडी ५ किलोमीटर लांब आहे, एका खेपेला ३५ किलो, म्हणजे तीन खेपा, वजन घेऊन १५ किलोमीटर आणि मधे दोनदा रिकामं परत यायचं ते १०, एकूण २५ किलोमीटर, तेही पायवाट नसलेल्या उतारावर पडलेली झाडं ओलांडत, आणि सप्टेंबरात दुपारी ऊन असतं त्यामुळे मांस खराब व्हायच्या आत. दोघं-तिघं असतील तर काम वाटलं जातं, एकटा असेल तर दोन दिवस गेले. थोडक्यात हा व्यायाम निम्मा शिकाऱ्याचा आणि निम्मा हमालाचा आहे.

म्हणून जिममध्ये बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलणं, किती मारतो याला इथे फार किंमत नाही (माझं मत, छाती फुगवलेली मंडळी रागावतील). लागतं काय तर एका पायावरची ताकद, कारण डोंगरात दोन्ही पाय एका पातळीवर क्वचितच असतात. सगळ्यात मुख्य व्यायाम स्टेप-अप. गुडघ्याएवढा किंवा थोडा कमी, ३०-४५ सेंटिमीटरचा ठोकळा घ्यायचा, पाठीवर सॅक, आणि वरच्या पायाच्या जोरावर चढायचं, खालच्या पायाने ढकलायचं नाही, सगळे तिथेच चोरी करतात. सुरुवात १० किलोच्या आत, मग हळूहळू वजन आणि संख्या वाढवत शेकड्यांवर न्यायचं. बरोबर लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघे वाकवणं), मागचा पाय बाकावर ठेवून करायचा स्प्लिट स्क्वॉट आणि हातात वजन धरून, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकून करायचा रोमानियन डेडलिफ्ट, कारण फरा उचलताना कंबर वाकवली तर तिथेच लचक भरते.

पण स्टेप-अपपेक्षा स्टेप-डाउन जास्त महत्त्वाचा आणि तोच लोक टाळतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराला ब्रेक लावत असतो, आणि अशा कामाने स्नायूच्या धाग्यांना जास्त इजा होते, म्हणून चढताना फक्त दम लागतो पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सिंहगड उतरून सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना रेलिंग धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. यावर उपाय म्हणजे आधीच थोडं थोडं उतरणं, एकदा स्नायूला सवय झाली की तेवढ्याच उताराला तो पुढचे काही आठवडे तेवढा दुखत नाही. ठोकळ्यावरून एक पाय तीन-चार सेकंद मोजत खाली टेकवायचा, गुडघा आत पडू द्यायचा नाही. गिर्यारोहकांची एक जुनी युक्ती आहे, सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून डोंगर चढायचा आणि वर पाणी ओतून हलकं उतरायचं, गुडघे वाचतात. युक्ती चांगलीच आहे, पण कायम असंच केलं तर उताराचा सराव शून्य, म्हणून अधूनमधून हलकं वजन घेऊन उतरायलाही हवं.

दुसरी एक गोष्ट म्हणजे ३५-४० किलोची सॅक जमिनीवरून पाठीवर घेणं. उभ्याने झटक्यात उचलायला गेलं की खांदा नाहीतर कंबर जाते. सॅकला टेकून खाली बसायचं, पट्टे घालायचे, कुशीवर वळून गुडघ्यावर यायचं, मग एक पाय पुढे रोवून काठीच्या आधाराने उठायचं. याचा सराव वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन जमिनीवरून उठण्याने होतो, टर्किश गेट-अपनेही होतो, म्हणजे एका हातात वजन वर धरून आडव्याचं उभं राहायचं. पकड आणि पाठीसाठी दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचं, त्याला फार्मर्स कॅरी म्हणतात. सॅकचा बराचसा भार कमरेच्या पट्ट्यावर यायला पाहिजे, नुसता खांद्यावर राहिला तर तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात आणि मग धनुष्य काय ओढणार.

धनुष्याचं गणित वेगळं. कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाकं बसवलेलं आधुनिक धनुष्य, ओढायला साधारण ६०-७० पौंड म्हणजे २७ ते ३२ किलो जोर लागतो, पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे त्यातला बराचसा भार सुटतो, पण एल्क झाडाआड थबकला तर तसंच ताणून थांबावं लागतं. त्यासाठी डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) आणि पुलअप (दांड्याला लटकून स्वतःला वर ओढणं), शिवाय दम लागलेला असताना गुडघ्यावर बसून नेम धरायचा सराव.

आपले जोर-बैठका यात कुठे बसतात? बैठकांनी मांडीची चिवटपणे टिकण्याची ताकद मस्त वाढते, पण दोन्ही पाय सोबत असल्यामुळे एका पायावरचा तोल त्यात येत नाही.

वेळापत्रक साधारण असं असतं: हिवाळ्यात जड वजन आणि कमी रेप्स (म्हणजे एका वेळी कमी आवर्तनं), मे ते ऑगस्ट डोंगरात सॅक घेऊन चढ-उतार, आठवड्याला एक-दोनदाच, वजन थोडं थोडं वाढवत, आणि शेवटचे आठ-दहा दिवस हलकं. दर रविवारी ४० किलो घेऊन फिरणारा सीझनच्या आधीच गुडघा किंवा पावलाचं हाड दुखवून बसतो. बूट हलके घ्यावेत, पायातला एक किलो पाठीवरच्या एका किलोपेक्षा कितीतरी जास्त दमवतो.

उंचीवरच्या विरळ हवेपुढे मात्र यातला कुठलाच व्यायाम कामी येत नाही. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर आहे, जवळजवळ कळसूबाईच्या (१,६४६) माथ्याएवढं, आणि एल्क सप्टेंबरात ३,००० मीटरच्या आसपासही भेटतात, तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्के कमी. दणकट माणसालाही पहिल्या रात्री डोकं धरून बसावं लागू शकतं, म्हणून सखल भागातून येणारे जाणते शिकारी दोन-तीन दिवस आधी येऊन नुसते फिरतात.